१९७५चा सिनेमा सोलापुरात कधी आला? एका ऑपरेटरचं उत्तर

प्रश्न असा आला आहे : "काका, मी सोलापुरातच मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाला '१९७५ : भारतीय सिनेमाचं एक वर्ष' हा विषय घेतलाय. त्या वर्षीच्या चित्रपटांची यादी काढली, पण यादीच्या पुढे काही सरकत नाही. तुम्ही तेव्हा थेटरात कामाला होता. एका वर्षाच्या सिनेमाबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करायची? आणि आपल्या गावाला त्या वर्षी नेमकं काय दिसलं?"

बाळ, यादी ठेव. फक्त तिच्यातल्या प्रत्येक नावापुढे तीन रकाने आख. चित्रीकरण कधी झालं, सेन्सॉरचं सर्टिफिकेट कधी मिळालं, आणि फिल्मची पेटी सोलापुरात कधी उतरली. पहिले दोन रकाने कागदपत्रांतून भरता येतील. तिसरा भरायला चपला झिजवाव्या लागतील, पण तुझ्या प्रबंधाचा जीव त्या तिसऱ्या रकान्यात आहे.

१९७५ साली मी एकोणीस वर्षांचा होतो आणि गावातल्या एका थेटरात प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये हेल्पर होतो. पुढे प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर झालो आणि दिव्यातल्या कार्बनच्या जाळापासून डिजिटल येईपर्यंत त्याच कामात राहिलो. मी जे सांगणार ते केबिनच्या त्या वीतभर खिडकीतून दिसलेलं आहे. समीक्षक सांगतात ते वेगळं असतं, तेही वाच.

आधी 'वर्ष' या शब्दाचा गुंता सोडवू. राष्ट्रीय पुरस्कारांचं वर्ष सर्टिफिकेटच्या तारखेवर ठरतं, थेटरात लागण्यावर नाही. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घे. 'सैराट' थेटरांत आला २९ एप्रिल २०१६ला. पण अकलूजच्या रिंकू राजगुरूला त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला तो २०१५ या वर्षाचा, आणि जाहीर झाला चित्रपट लागायच्या महिनाभर आधी. म्हणजे लोकांनी पाहिलाच नव्हता तेव्हा त्याचं वर्ष सरलं होतं. १९७५चंही तसंच आहे. त्या वर्षाचा उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार सत्यजित राय यांना 'जन अरण्य'साठी मिळाला, आणि तो चित्रपट लोकांसमोर आला १९७६मध्ये. लोकप्रिय चित्रपटाचा पुरस्कार मिळालेला 'तपस्या'ही १९७६चाच. गुलजारांच्या 'मौसम'ची तर दोन वर्षं झाली. राष्ट्रीय पुरस्कारांत तो १९७५चा, आणि फिल्मफेअरनं त्याला उत्कृष्ट चित्रपट ठरवलं ते १९७७ साली झालेल्या सोहळ्यात. आता तुझ्या यादीत 'मौसम' कुठं बसवणार? ज्या कसोटीवर बसवशील ती पहिल्याच पानावर लिहून टाक. परीक्षकांनी विचारलं तर उत्तर हाताशी राहील.

चित्रीकरणाचा रकाना का हवा, तेही सांगतो. बरेच लोक लिहितात की आणीबाणीच्या घुसमटीतून पडद्यावरचा संतापलेला तरुण जन्मला. तारखा लावून बघ. आणीबाणी लागली २५ जून १९७५च्या रात्री. 'दीवार' जानेवारीतच लागला होता. 'शोले'चं चित्रीकरण बंगळूरजवळच्या रामनगरला ऑक्टोबर १९७३पासून चालू होतं. 'जंजीर' तर १९७३चाच. हा संताप आधीचा आहे. १९७२चा दुष्काळ, त्यानंतरची महागाई, रेशनच्या रांगा, १९७४चा रेल्वे संप, हे सगळं त्याच्या मुळाशी आहे. सोलापूरला दुष्काळ कुणी शिकवायला नको. माझे मोठे भाऊ त्या साली खडी फोडायला जात होते. 'दीवार'मधला गोदी कामगार आणि त्याच्या बिल्ल्याचा नंबर पाहताना आमच्या थेटरात जी शांतता पडायची ती मला अजून आठवते. खाली बसलेल्यांतले निम्मे गिरणीतले असत. प्रत्येकाला गिरणीत एक नंबर होता आणि घरच्यांनाही तो तोंडपाठ असायचा. नंबर म्हणजे माणूस, हे त्यांना पडद्यानं सांगायची गरजच नव्हती.

आता तिसरा रकाना. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे सांगणारे आता फार उरले नाहीत.

सिनेमाचा धंदा भारताचा नकाशा राज्यांप्रमाणे पाहत नाही. त्याचा नकाशा सर्किटचा, म्हणजे वितरणाच्या विभागांचा. सोलापूर मुंबई सर्किटमध्ये. पण इथून पंचेचाळीस किलोमीटरवरचं तुळजापूर उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, म्हणजे जुन्या निजामाच्या मुलखात, म्हणून ते निजाम सर्किटमध्ये. गुलबर्गा, बिदरही तिकडेच. संस्थान १९४८ला संपलं, पण फिल्मच्या पेटीसाठी त्याची हद्द कित्येक वर्षं जिवंत राहिली. एकाच चित्रपटाचे हक्क दोन वेगवेगळ्या वितरकांकडे. त्यामुळं कधी तुळजापूरचा माणूस एसटीनं इथं येऊन चित्रपट पाहून जाई, तर कधी इथला शौकीन गुलबर्ग्याला. तू 'राष्ट्रीय सिनेमा' हा शब्द वापरणार असशील तर ही हद्द त्यात लिही. दिल्लीत बसून काढलेल्या यादीत ती दिसत नाही.

आणि प्रिंटा, म्हणजे चित्रपटाच्या प्रती, मोजक्या. आज एका शुक्रवारी चित्रपट देशभर उतरतो, तसं तेव्हा नव्हतं. रंगीत कच्ची फिल्म बाहेरून यायची, महाग आणि मोजून मिळायची, त्यामुळं वितरक जेवढ्यात भागेल तेवढ्याच प्रिंटा काढी. पहिला हक्क मुंबई, पुण्यासारख्या शहरांचा. तिथं चित्रपट धरला तर प्रिंट तिथंच अडकून पडे आणि आम्ही वाट पाहत बसू. पडला तर लगेच आमच्याकडे ढकलली जाई. म्हणून चांगला चालणारा चित्रपट लहान गावाला उशिरा दिसे आणि पडलेला लवकर. त्या वर्षी सोलापूरकरांनी पाहिलेले कितीतरी चित्रपट १९७४चे होते आणि १९७५चे कितीतरी १९७६मध्ये आले. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जानेवारीत तंबूतले टॉकीज लागत, त्यांत तर पाच-सहा वर्षांपूर्वीचेही चालत, आणि खेड्यावरून बैलगाडीनं आलेल्या माणसाच्या दृष्टीनं तेच त्या वर्षाचे नवे चित्रपट असत.

प्रिंट आली की आधी तिच्या जखमा बघायच्या. हे ऑपरेटरचं पहिलं काम. रिळ रिवायंडरवर घेऊन दोन बोटांत फिल्मची कड धरून सावकाश फिरवायची. भोक फाटलेलं असेल, जोड उसवला असेल, तर बोटाला लगेच कळतं. मग कापायचं, खरवडायचं, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडायचं. एका सेकंदाला चोवीस चौकटी, एका फुटात सोळा, मिनिटाला नव्वद फूट. हे गणित पाठ ठेव, उपयोगी पडेल. प्रत्येक जोडाला दोन-चार चौकटी जात. दहा गावं फिरून आलेल्या प्रिंटमध्ये गाणं मधेच उडी मारी, वाक्याचा शेवटचा शब्द गायब असे. मुंबईनं पाहिलेला चित्रपट आणि आम्ही पाहिलेला चित्रपट यांच्यात असा फुटांचा फरक असायचा.

एका प्रिंटवर दोन थेटरं चालवायची रीतही होती. आमचा खेळ तीनला सुरू, दुसऱ्याचा पावणेचारला. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत उतरतं. ते उतरलं की उलटं गुंडाळायचं, डब्यात घालायचं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून पळायचं. ती सायकल मी मारलीय. नवी पेठेतली गर्दी, एप्रिलचं ऊन, डांबर टायरला चिकटतंय, आणि डोक्यात एकच, तिकडे आधीचं रीळ संपत आलंय. एकदा रेल्वेच्या फाटकात अडकलो. पोचलो तेव्हा तिकडे पडदा पांढरा पडला होता आणि लोक बाकडी बडवत होते. मालक काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी मला कळलं की त्या अंधारात बसलेल्या आठशे माणसांची संध्याकाळ माझ्या कॅरिअरला बांधलेली असते. पुढच्या नोकरीत मी ते कधी विसरलो नाही.

'शोले'बद्दल तू लिहिणारच, म्हणून तिथं लोक कुठं चुकतात तेवढं सांगतो. १५ ऑगस्ट १९७५ ही तारीख मुंबईची. तिथल्या मिनर्व्हा थेटरात तो पाच वर्षं राहिला. ३५ मिलिमीटरवर चित्रित करून मोठा करून ७० मिलिमीटरच्या प्रिंटा काढल्या होत्या, आवाज स्टिरिओफोनिक. पण ७० मिलिमीटरचं मशीन किती गावांत होतं? आमच्याकडे आली ती ३५ची प्रिंट. सव्वातीन तासांच्या घरातला चित्रपट, म्हणजे जवळपास अठरा हजार फूट, नऊ-दहा मोठी रिळं. आवाज फिल्मच्या कडेच्या एका पट्टीतून, पडद्यामागच्या एकाच भोंग्यातून. देशातल्या बहुतेक प्रेक्षकांनी 'शोले' असाच पाहिला आणि तरीही तो त्यांच्या अंगात भिनला. म्हणजे त्याची ताकद भव्य पडद्यात शोधू नकोस. ती संवादांत आहे, आणि कापणीत आहे. संकलक एम. एस. शिंदे यांनी लाखो फुटांतून तो चित्रपट काढला, आणि फिल्मफेअरमध्ये 'शोले'च्या वाट्याला आलेला एकमेव पुरस्कार त्यांच्या संकलनाचा होता. रिळ बदलताना मला त्या कापणीचं मोल कळायचं. बावीस मिनिटं संपत आली की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात टिपका येतो, दुसरं मशीन चालू करायचं, काही सेकंदांनी दुसरा टिपका, मग झडप पालटायची. ढिल्या चित्रपटात त्या वेळी लोक चुळबुळतात, उठतात. 'शोले'च्या वेळी खालून आवाजच यायचा नाही.

संवादांची तबकडी पॉलिडॉरनं काढली, हे तुझ्या तिसऱ्या रकान्याच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं. चित्रपट न पाहिलेल्या माणसालाही संवाद पाठ झाले, कारण हॉटेलात, पानपट्टीवर, गणपतीच्या मांडवात ती तबकडी वाजत होती. आमच्याकडे लोक चित्रपट पाहायला येत ते आधीच ऐकलेला चित्रपट डोळ्यांनी पाहायला. भारतीय सिनेमात गाण्यांनी हे आधी केलं होतं, संवादांनी एवढ्या प्रमाणावर पहिल्यांदा केलं.

'शोले'चा शेवट मात्र आणीबाणीचा आहे. ठाकूर गब्बरला मारतो असा मूळ शेवट होता. सेन्सॉरनं तो मान्य केला नाही. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे चालणार नव्हतं. नवा शेवट चित्रित झाला, त्यात ऐन वेळी पोलीस येतात. आम्ही तोच दाखवला आणि पिटातली माणसं त्या क्षणी नाराज होत, हे मी वरून रोज ऐकत होतो. कशामुळं नाराज होत, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत २०२५ साली इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात मोठ्या पडद्यावर दाखवली गेली. पन्नास वर्षं लागली.

आणीबाणीचं सिनेमावरचं सावट तुला तीन ठिकाणी सापडेल. पहिलं 'आंधी'. गुलजारांचा हा चित्रपट फेब्रुवारीत लागून काही महिने चालला होता. राजकारणातली एक बाई आणि तिचा दुरावलेला नवरा, एवढीच गोष्ट. पण सुचित्रा सेनच्या वेशभूषेत लोकांना पंतप्रधान दिसल्या. आणीबाणी लागल्यावर तो थांबवला गेला आणि १९७७च्या निवडणुकीनंतरच मोकळा झाला. संजीव कुमारला त्यातल्या कामासाठी फिल्मफेअर मिळालं ते मधल्या काळात. दुसरं 'किस्सा कुर्सी का', सत्तेवरचं व्यंग. अमृत नाहटांनी तो एप्रिल १९७५मध्ये सेन्सॉरकडे दिला होता. पुढे प्रिंटा आणि निगेटिव्ह जप्त होऊन नष्ट केली गेली, आणि नाहटांना तो पुन्हा बनवावा लागला. तो कुणाच्याच थेटरात आला नाही, म्हणून तो यादीतून गाळू नकोस. ज्याचा तिसरा रकाना रिकामा राहिला, तोही त्या वर्षाचाच चित्रपट.

तिसरं ठिकाण कुणी पाहत नाही. मुख्य चित्रपटाआधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट किंवा वार्तापट दाखवणं थेटराच्या परवान्याची अट होती आणि त्यासाठी उत्पन्नाचा एक टक्का भरावा लागे. तो न दाखवता खेळ सुरू केला तर तपासणीत परवाना अडचणीत. जुलै १९७५पासून त्या वार्तापटांचा सूर बदलला. माहिती आणि नभोवाणी खातं गुजराल यांच्याकडून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे गेलं होतं. वीस कलमी कार्यक्रम, भाषणं, शिस्तीचे संदेश. लोक तेवढ्या वेळात बाहेर चहा पीत, पण बसून राहिलेले पाहत होते. 'शोले'चा प्रेक्षक आधी ती दहा मिनिटं पाहून मग गब्बरकडे वळत होता. दोन्ही एकाच तिकिटात होतं. ते वार्तापट उपलब्ध आहेत, शोधून बघ आणि चित्रपटाशेजारी ठेव.

आता जो चित्रपट त्या वर्षाचा खरा राजा, त्याबद्दल. 'जय संतोषी माँ'. विजय शर्मांचं दिग्दर्शन, कमी खर्चातला, अनिता गुहा, कानन कौशल, भारत भूषण असे तेव्हाच्या बाजारात मोठे न मानले जाणारे कलाकार. संगीत सी. अर्जुन, गीतं कवी प्रदीप, आवाज उषा मंगेशकरांचा. कमाईत तो 'शोले', 'दीवार'च्या पंक्तीला जाऊन बसला. पुस्तकांत त्याचं एक वाक्य असतं, लोक चपला काढून बसायचे म्हणून. ते खरं आहे. पण मी जे पाहिलं ते एका वाक्यात मावत नाही.

आमच्या थेटरात एरवी बायकांची खिडकी निम्मी रिकामी असायची. या चित्रपटाला ती रांग रस्त्यावर गेली. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाया, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या सासवा-सुना, कन्नड बोलणाऱ्या अक्कलकोटकडच्या म्हाताऱ्या, सगळ्या एका हिंदी चित्रपटाला. भाषेची अडचण कुणालाच आली नाही. हातात ताट, हळदकुंकू, गूळ-फुटाणे. आरती सुरू झाली की त्या उभ्या राहत, आणि मी वर मशीनपाशी उभाच असे, पण तेव्हा हात आपोआप जोडले जात. पडद्यावर नाणी येत. आमच्या पडद्याला खालच्या बाजूला त्या नाण्यांनी भोकं पडली आणि ती पुढे कित्येक वर्षं प्रत्येक चित्रपटात दिसत राहिली. खेळ सुटल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशी पुढच्या रांगेतली नाणी वेचत, पण स्वतःकडे ठेवत नसत. केबिनच्या जिन्याखाली एक तसबीर लावली होती, तिच्यापुढं नेऊन ठेवत.

याला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणारे लेख तुला मिळतील. मला तसं वाटत नाही. ज्या बाईला घरात कुणी विचारत नाही, तिला शुक्रवारचा उपास करून आणि आंबट टाळून देवी पावते, ही गोष्ट होती. खर्च गूळ-फुटाण्यांचा. मोठ्या व्रताला लागणारा ब्राह्मण नाही, दक्षिणा नाही. दुष्काळ आणि महागाईतून नुकत्याच बाहेर पडलेल्या बाईला परवडणारी देवी. 'दीवार'मधल्या मुलाचा राग आणि या बायांची आरती एकाच वर्षाच्या पोटातून आली आहे असं मला पन्नास वर्षं वाटत आलंय. प्रबंधात हे दोन चित्रपट वेगळ्या प्रकरणांत टाकू नकोस, शेजारी ठेव.

मराठीचं सांगतो. 'सामना' तुझ्या यादीत असेल. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, विजय तेंडुलकरांचं लेखन, रामदास फुटाणे निर्माते, कृष्णधवल. तो १९७५च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. जब्बार पटेलांचं शिक्षण सोलापुरात झालं, नाटकाचं वेड त्यांना इथंच लागलं, आणि पुढे ते दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करत होते. त्यामुळं पेटी उघडताना गावाला एक वेगळाच अभिमान होता. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील पडद्यावर आला की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नसे. साखर कारखाना, सोसायटी, दारू, आणि बोलणाऱ्याचं तोंड बंद होणं, हे त्यानं गावात पाहिलेलं होतं. डॉ. लागूंचा मास्तर विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? ते वाक्य थेटराबाहेर गेलं. पुढे आणीबाणीत कुणी अचानक दिसेनासा झाला की चहाच्या टपरीवर हळू आवाजात लोक तेच विचारत. मी ऐकलंय.

धंद्याच्या दृष्टीनं मात्र मराठीचं वर्ष दादा कोंडक्यांचं. 'पांडू हवालदार' हे त्यांचं पहिलं दिग्दर्शन, अशोक सराफ त्यातून लोकांच्या मनात बसले. हाऊसफुल्लची पाटी आम्ही सकाळीच काढून ठेवत असू.

श्याम बेनेगलांचा 'निशांत' आम्ही रविवारी सकाळच्या खेळाला लावला. पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. स्मिता पाटील, शबाना, गिरीश कार्नाड, आणि नसीरुद्दीन शाह पहिल्यांदा. पुढच्या वर्षी तो कान महोत्सवात स्पर्धेत गेला. गोष्ट तेलंगणातल्या जमीनदारीची. सकाळच्या खेळाला कॉलेजची मुलं येणार हे धरलेलंच होतं, पण उमरगा, नळदुर्गकडचे काही म्हातारेही आले. निजामाच्या वेळची देशमुखी त्यांनी अंगावर सोसली होती. खेळ सुटल्यावर एक जण जिन्यात बसून राहिला आणि बराच वेळ उठलाच नाही.

'निशांत'च्या मागचा एक धागा केबिनमधल्या माणसाला लगेच कळतो. तो चित्रपट, आणि त्याआधीचा 'अंकुर', ब्लेझनं निर्माण केला. ब्लेझ म्हणजे थेटरांना जाहिरातपट पुरवणारी कंपनी. साबण, चहा, बनियनच्या ज्या जाहिराती आम्ही मध्यंतराआधी दाखवत होतो, त्या त्यांच्याकडून येत. समांतर सिनेमा सरकारी कर्जावरच उभा राहिला असं सरसकट लिहिलं जातं. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा वाटा मोठा आहेच, पण बेनेगलांच्या बाबतीत जाहिरातींचा पैसा होता, आणि त्या जाहिराती सोलापूरसारख्या गावांच्या पडद्यांवर फिरत होत्या. हे तुझ्या प्रबंधात यायला हवं.

आणि सोलापुरात बसून १९७५ लिहितेस तर हिंदी-मराठीवर थांबू नकोस. पूर्व भागात तेलुगू चित्रपट नियमित लागत. त्या वर्षी शोभन बाबूची चलती होती, 'सोग्गाडू' त्याचाच. बापूंचा 'मुत्याल मुग्गू' त्याच साली आला, त्याच्या छायाचित्रणासाठी ईशान आर्या यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कन्नडमध्ये राजकुमारांचा 'मयूरा', आणि बी. व्ही. कारंतांचा 'चोमन दुडी', जो त्या वर्षाचा देशातला सर्वोत्तम चित्रपट ठरला. 'मयूरा'ला अक्कलकोटकडून गाड्या भरून माणसं येत. 'चोमन दुडी' सोलापुरात कुणी मागितला नाही. जमीन मागणाऱ्या दलित शेतमजुराची ती गोष्ट आहे आणि मागायला हवा होता, असं मला आज वाटतं. तामिळकडे 'अपूर्व रागंगळ'मध्ये एक नवा नट फाटक ढकलून आत येतो, तो रजनीकांत. आम्हाला त्याचं नावही पुढं कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं.

आता कामाचं. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जा. १९६४पासूनची संस्था आहे, तिथं गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टर, जुनी मासिकं मिळतील. सर्टिफिकेटच्या तारखा आणि लांबी भारताच्या राजपत्रात छापून येत. लांबी मीटरमध्ये असते, सत्तावीस पूर्णांक चार मीटरला एक मिनिट धर. एखाद्या चित्रपटाची लांबी दोन ठिकाणी वेगळी दिसली तर थांब, तिथं कात्री लागलेली असते. मग गावातल्या दैनिकांच्या जुन्या फायली काढ. शेवटच्या पानावरच्या थेटरांच्या जाहिराती उतरवून घे, आठवड्याला एक पान, बावन्न पानं. 'आठवडा तिसरा', 'फक्त दोन दिवस', 'खास महिलांसाठी', 'दुसरी प्रिंट', हे शब्द जसेच्या तसे लिही. तिथंच तुझा तिसरा रकाना भरेल. थेटरमालकांच्या घरी जुन्या डीसीआरच्या, म्हणजे रोजच्या गल्ल्याच्या हिशेबाच्या, वह्या असतील तर त्या मागून बघ. रोजची तिकिटं, दर, कर, वितरकाचा वाटा, सगळं त्यात खेळागणिक लिहिलेलं असतं. पुष्कळांनी रद्दीत घातल्या, पण एक-दोन घरांत माळ्यावर निघतील.

माणसांना भेटशील तेव्हा 'तुमचा आवडता चित्रपट कोणता' असं विचारू नकोस. सगळे 'शोले' म्हणतील. विचार की कुणाबरोबर गेला होता, तिकिटाचे पैसे कुणी दिले, कुठल्या दर्जाला बसला होता, परत कसे आला. विडी कामगार वसाहतीतल्या आज्यांकडे आधी जा, त्यांना कुणी विचारलेलं नाही. तेलुगू येणारी मैत्रीण बरोबर ने. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांना वेळ असतो.

मी रोज संध्याकाळी पाचनंतर घरी असतो. एक रिवायंडर, एक जोडणीची पट्टी आणि कार्बनचे काही तुकडे माझ्याकडे आहेत. येताना वही आण. फिल्मची कड दोन बोटांत कशी धरायची ते दाखवतो.